दाराशी देलिया

"एदुविहेस माइदाना," असं नावं पुकारणाऱ्या मुलीने दोनदा म्हटलं आणि मी बाकावर बसून राहिले. हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावरचा लांब बोळ, गुरुवार, सकाळचे दहा. समोरच्या भिंतीचा हिरवा रंग बसलेल्यांच्या डोक्यांच्या उंचीवर झिजून पांढरा पडलेला. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत ओळखपत्र आणि खालच्या डॉक्टरने दिलेली चिठ्ठी. मुलगी दारात उभी राहून दोन्ही बाजूंना बघत होती. न आलेल्या त्या बाईची मला कीव आली. मनात म्हटलं, कुठे राहिली असेल बिचारी, बस चुकली असेल, आता नंबर जाईल तिचा. मुलीने कागदावर रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं. एक दाढीवाला माणूस उठून आत गेला. दार लागलं, आणि ते लागल्याच्या आवाजाबरोबर मला कळलं की ती बाई मीच.

उठून दार वाजवावं असं काही मला सुचलं नाही. दारं मी उघडते, वाजवत नाही. बारा वाजेपर्यंत तशीच बसले. मुलगी खांद्याला पिशवी अडकवून बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, "मी ती." ती म्हणाली, "कोण?" "जी आली नाही ती." हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. माझ्या शेजारी बाकावर बसली. अठ्ठावीस-तीसची असेल, नखं खाल्लेली. "तुम्ही तर आला आहात," ती म्हणाली. "नाव ऐकू नाही आलं?" मी म्हटलं, "ऐकू आलं. ओळखलं नाही." तिने पेनाला टोपण लावलं. "मी बेलेन, इथे बोलायचं ते माझ्याशी. पुढच्या गुरुवारी इथूनच सुरुवात करू या," ती म्हणाली, "आणि मी तुम्हाला बाकापर्यंत न्यायला येईन. एकदाच हं, दर वेळी नाही."

घरी येताना बसमध्ये मी ते नाव तोंडात फिरवून पाहिलं. दाताखाली खडा यावा तसं झालं. आमच्याकडे, चाकोच्या जंगलात, जिथे बाप झाडं तोडायचा, तिथे दुकानदाराच्या भिंतीवर एक कॅलेंडर असे आणि प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाच्या संताचं नाव. मूल झालं की आई चौथ्या दिवशी त्याला घेऊन दुकानात जायची आणि दुकानदार वाचून सांगेल ते नाव. भाऊ तेलेस्फोरो, बहीण कासिमिरा, मी एदुविहेस. आईला वाचता येत नव्हतं, मलाही तेव्हा नाही. एवढं लांब नाव हाक मारायला कुणाला वेळ होता? सगळे एदू म्हणायचे. शेळ्या घेऊन मी लांब गेले की कासिमिरा अंगणाच्या कडेला उभी राहून ओरडायची, एदू, आणि तो शेवटचा ऊ झाडांमधून माझ्यापर्यंत येईतो बारीक होत जायचा. मी दोन बोटं तोंडात घालून शिटी मारायची, म्हणजे येते आहे. मग राजधानीत आले. कासिमिरा तिकडेच राहिली, दर रविवारी फोनवर एदू म्हणत राहिली. गेल्या जुलैत तिच्या शेजारणीचा फोन आला. त्यानंतरच्या रविवारी मी फोनसमोर खुर्ची घेऊन बसले, नेहमीच्या वेळी, आणि छातीत काहीतरी आवळलं ते सुटेना.

इमारतीचा रखवालदार फेर्मिन फुटपाथ धूत होता. तो मला म्हणाला, "छातीत दुखतं? हृदय नसणार ते. आई असणार. माझं तसंच निघालं. अकरा वर्षं जातोय मी बोलायला, आमची आई काही संपत नाही." मी म्हटलं, "तुमची आई जिवंत आहे की, फेर्मिन." "तेच तर म्हणतोय मी," फेर्मिन म्हणाला आणि नळीचं तोंड दुसरीकडे वळवलं. आमच्या गल्लीत हे नवल नाही. गल्लीत पाव कमी मिळेल, पण मनाचे डॉक्टर दर दुसऱ्या दारावर. बसचा ड्रायव्हर सिग्नलला थांबला की त्याच्या डॉक्टरने काय म्हटलं ते सांगतो. मी तर अशा डॉक्टरच्याच घरात छत्तीस वर्षं राहिले आणि आपल्यालाही कुणाकडे जाऊन बोलता येईल हे माझ्या मनात आलं नाही, जसं खानसाम्याला हॉटेलात जेवावंसं वाटत नाही. हॉस्पिटलात खालच्या डॉक्टरने छाती तपासली आणि म्हणाला, "हृदय तरण्या पोरीचं आहे. एक मजला वर जा."

डॉक्टरबाईंकडे मी आले तो एप्रिलमधला सोमवार होता. मी तीस वर्षांची, त्या अठ्ठेचाळीसच्या. राकेल झेंकमान, चौथा मजला, ब. दार त्यांनीच उघडलं आणि घड्याळाकडे पाहिलं, कारण चार मिनिटांत पेशंट येणार होता. म्हणाल्या, "ऐक. आधीची देलिया शनिवारी गेली, लग्न करून. आमच्या कामात एक चौकट असते. खुर्ची तीच, दिवा तोच, वेळ तीच, दार उघडणारी बाई तीच. पेशंटच्या आत एवढी उलथापालथ चाललेली असते की बाहेरचं काही हलता कामा नये. तेव्हा थोडे दिवस तू देलिया. चालेल ना?" मी हो म्हटलं. देलियाचा एप्रन खिळ्याला होता, तो बांधला. त्याच्या खिशावर निळ्या दोऱ्याने काहीतरी भरलेलं होतं, मला वाटलं अर्धा चंद्र आहे. मला तो आवडायचा. धुताना मी तो उलटा करायची, म्हणजे दोरा विटू नये. त्रेपन्नाव्या वर्षी चर्चच्या मागच्या खोलीत दुपारच्या वर्गाला जायला लागले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर डी हे अक्षर काढलं आणि विचारलं, हे कुठे पाहिलंय का. मी खाली माझ्याच पोटाकडे पाहिलं. तेवीस वर्षं मी ते नाव पुढे बांधून फिरत होते आणि मला वाटत होतं चंद्र आहे.

थोडे दिवस किती ते कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या शहरात इमारतीचं खालचं दार किल्लीशिवाय आतूनही उघडत नाही, पाहुण्याला सोडायला घरातल्या माणसाला खाली जावं लागतं. माझं मोठं काम हेच. चारला पेशंट येणार, खाली जाऊन घ्यायचं. चार पन्नासला जाणार, खाली जाऊन सोडायचं. मधे कोचाच्या उशीवर ठेवायचा कागदी रुमाल बदलायचा आणि बोळातला रेडिओ एवढा मोठा ठेवायचा की आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये. माणसं लिफ्टमध्ये माझ्याशेजारी उभी राहून रडायची, आणि मी मजल्यांचे आकडे बघायची. येताना खाली बघून येत, जाताना खाली बघून जात. नवी बाई आली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त एक म्हातारा इंजिनियर तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "देलिया, तुमची उंची वाढली का हो?" मी म्हटलं, "हो, थोडी." तो म्हणाला, "छान," आणि पुन्हा बुटांकडे बघायला लागला. त्याच्या आयुष्यात तेव्हा बरंच काही चाललं असावं. चौकट हलली नाही. मला तर तेव्हा बरंच वाटलं होतं. एदुविहेसने काही फोडलं असतं, विसरलं असतं, तर बोलणी खाल्ली असती देलियाने. पुढे पुढे फोडायलाही देलियाच राहिली.

बेलेनने मला सांगितलं, "मी, असं सुरू होणारी पाच वाक्यं लिहून आणा." मी वहीत लिहून नेली. मी फरशीला मेण चांगलं लावते. मी वेळेवर दार उघडते. मी चांदीचे चमचे चुन्याने घासते. मी कुणाचं ऐकत नाही, म्हणजे आतलं. मी आजारी पडत नाही. बेलेनने वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "ही देलियाची वाक्यं झाली. एदुविहेस काय करते?" बोळात कुणाचं तरी मूल खोकत होतं. तिच्या टेबलावर माते नावाच्या कडवट चहाचा पेला होता, धातूची नळी तिच्याकडे वळलेली, पाणी गार झालं असणार. उरलेली पंचवीस मिनिटं मी त्या नळीकडे बघत राहिले आणि तिनेही मला काही सुचवलं नाही. बसमध्ये, घराच्या तीन थांबे आधी, मला शिटी आठवली. पुढच्या गुरुवारी सांगितलं. बेलेन म्हणाली, "वाजवून दाखवा." "इथे? बाहेर माणसं बसलीत." "बसू देत." मी दोन बोटं तोंडात घातली. आता दात माझे नाहीत, कवळी आहे. नुसती हवा आली, फुसकन. आम्ही दोघी हसलो. ती म्हणाली, "हवा तर एदुविहेसची होती ना." त्या दिवशी घरी गेल्यावर मी न्हाणीघरात दार लावून आरशासमोर माझं नाव म्हटलं, तिने सांगितलं होतं तसं, दहा वेळा. आरशातल्या बाईने दहाही वेळा ओठ हलवले. तिच्याकडे बघून मला वाटलं, ही कुणाला तरी निरोप सांगते आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी बेलेन म्हणाली, "माझी इथली मुदत डिसेंबरात संपते. मग जानेवारीतला उन्हाळा, फेब्रुवारीपर्यंत सगळंच बंद. त्याआधी एक गोष्ट करायची आहे. जगात एक तरी माणूस तुम्हाला या नावाने हाक मारेल असं करायचं. मी सोडून. कोण?" मी लगेच म्हटलं, "डॉक्टरबाई." "फेर्मिन का नाही? वर्गातल्या बाई का नाही?" ज्याने वस्तू उचलून ठेवली त्यानेच ती काढून द्यावी, असं काहीतरी म्हणाले. आणि म्हणाले, घाई आहे. कारण डॉक्टरबाई जात होत्या. शरीराने नाही, शरीर ठणठणीत, जेवण नीट. पण दर आठवड्याला त्यांच्यातून काहीतरी गळून पडायचं आणि ते उचलून परत ठेवता यायचं नाही. आधी रस्त्यांची नावं गेली. मग जेवणाच्या काट्याला नुसतं 'ते' म्हणायला लागल्या. ऑगस्टमध्ये त्यांची मुलगी नोएमी हिने बार्सिलोनाहून एकेका पेशंटला फोन करून येणं थांबवलं, आणि त्याच महिन्यात डॉक्टरबाईंनी नोएमीलाच फोनवर विचारलं, "आपण कोण बोलताय?" मग फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "देलिया, कुणी बाई आहे, फार रडते आहे. तिला मंगळवारची वेळ दे." मी फोन घेतला आणि नोएमीला म्हटलं, "मंगळवारी, चारला." दुसरं काय म्हणणार होते? मग ती म्हणाली, "थँक्यू, देलिया."

डिसेंबरातल्या त्या सोमवारी सकाळीच उकडत होतं. मी त्यांना भाजलेला पाव आणि मुरंबा दिला, पावाच्या कडा कापून. उभीच राहिले. म्हटलं, "डॉक्टरबाई, तुम्हाला एक सांगायचंय. मी देलिया नाही." वाक्य मी बसमध्ये, न्हाणीघरात, लिफ्टमध्ये म्हणून पाहिलं होतं. त्यापुढचं वाक्यही तयार होतं. पण त्यांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. लहान मूल बाजारात हात सुटल्यावर वर बघतं तसं. "मग देलिया कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण? आत कशा आलात तुम्ही?" मी म्हटलं, "मीच आहे हो, माझं नाव फक्त..." पण त्या उठल्या होत्या, टेबलाच्या कडेला धरून दारापर्यंत गेल्या आणि भिंतीवरच्या फोनवरून खाली बोलल्या, "माझ्या स्वयंपाकघरात एक परकी बाई आहे. देलियाला काहीतरी केलंय तिने." फेर्मिन ओल्या बुटांनी वर आला. फरशीवर त्याचे ठसे उमटले, आणि मला आधी ते पुसावेसे वाटले. "काय हे, डॉक्टर," तो म्हणाला, "ही देलिया. आपली देलिया. बघा बरं नीट." डॉक्टरबाई त्याच्या मागे उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या, त्याची बाही धरून. "बोला ना, देलिया," फेर्मिन मला म्हणाला. "हो," मी म्हटलं. "मी देलिया." मग त्या आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले, घट्ट, चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या बोटांत एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. "पुन्हा अशी जाऊ नकोस," त्या म्हणाल्या.

जिन्यात फेर्मिनने विचारलं, "झालं काय?" मी म्हटलं काही नाही. तो म्हणाला, "एकच नाव उरलंय हो त्यांच्या डोक्यात. मला पाणीवाला म्हणतात. पोटच्या पोरीचं नाव गेलं. तुमचं तेवढं आहे. भाग्य समजा." मी मान हलवली. ते नाव माझं नाही हे त्याला सांगायला हीच वेळ होती, आणि मी ठसे पुसायला फडकं आणायला गेले. गुरुवारी बेलेनला काय सांगणार होते? सांगितलं, आणि लगेच परत घेतलं, असं? सबंध दुपार मी चमचे घासले. छत्तीस वर्षं सांगता आलं असतं तेव्हा मी सांगितलं नाही, आणि आता सांगितलं तर त्यांच्या हातातली शेवटची वस्तू मी काढून घेतल्यासारखं होईल. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. कुणावर चिडावं तर समोर मुरंब्याने माखलेली बोटं घेऊन एक म्हातारी बसलेली.

पावणेचारला त्या आपल्या खोलीत गेल्या. रोज जात. कोचाच्या डोक्यामागे त्यांची खुर्ची, हातात वही, पेन. मी रोज जाऊन सांगायची की पेशंटचा फोन आला, ताप आहे, किंवा बसचा संप आहे. त्या दिवशीही दारात जाऊन उभी राहिले, पण मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "कुणीच येत नाही, देलिया. माझ्या हातून काही चूक झाली का?" मी म्हटलं, "नाही हो. येतील." मग स्वयंपाकघरात आले, एप्रन सोडून खिळ्याला लावला, बाहेर जायचा ब्लाऊज घातला, पिशवी घेतली, खाली गेले आणि दार ओढून घेतलं. फुटपाथवर ऊन होतं. दाराशेजारच्या पाटीवर मी चौथ्या मजल्याचं ब शोधलं. ते बटण मी दर शुक्रवारी पुसते, पण दाबलं पहिल्यांदा. "कोण?" पाटीच्या जाळीतून त्यांचा आवाज आला. स्वयंपाकघरातला नाही, कामाचा. "एदुविहेस माइदाना," मी म्हटलं. "वर या," त्या म्हणाल्या. "देलिया खाली येऊन दार उघडेल." मी थांबले. लिफ्ट चार मजले उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी काचेतून आत बघत होते. मी खरोखरच तिची वाट बघत होते हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी पिशवीतून किल्ली काढली.

त्यांनी खुर्चीतूनच मला हाताने कोच दाखवला. मी आडवी झाले. डोक्याखाली सकाळी मीच ठेवलेला रुमाल होता, तो कानाशी एवढा चुरचुरतो हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. वर, पडद्याच्या दांडीपाशी, एक जळमट होतं, जुनं, काळं पडलेलं. एवढी माणसं वर्षानुवर्षं इथे पडून त्याच्याकडे बघत रडली असतील. देलियाने तिथे कधी हात घातला नाही, मला वाटलं, आणि तिची लाज वाटली. मागून आवाज आला, "सांगा." मी म्हटलं, "जिथे मी कामाला आहे तिथे मला दुसऱ्याच नावाने हाक मारतात." "कोण मारतं?" "घरच्या बाई." "तुम्ही काय म्हणालात?" "काही नाही म्हणाले." "किती दिवस?" "छत्तीस वर्षं." पेन कागदावर थोडं चाललं आणि थांबलं. रेडिओ लावायला मी विसरले होते, त्यामुळे फ्रिजचा आवाज इथपर्यंत येत होता. "त्या बाईंचा तुम्हाला राग येतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्या आता फार म्हाताऱ्या झाल्यात." "मी त्यांचं वय विचारलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

माझा श्वास अडकला, जुलैतल्या रविवारसारखा. ही बाई काटा कशाला म्हणतात ते विसरली होती आणि हे विसरली नव्हती. "येतो," मी म्हटलं. "येतो राग. भांडी घासताना येतो. त्या झोपल्या की त्यांच्या अंगावर पांघरूण घालते तेव्हा येतो. त्यांनी एकदा विचारायला हवं होतं. फार नाही, एकदा. कासिमिरा गेली तेव्हा मी तीन दिवस रडत होते, आणि त्या मला म्हणाल्या, देलिया, डोळ्यांत साबण गेलाय का." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बेलेनलाही नाही. त्यांना झोप लागली की काय असं वाटून मी मान वळवायला गेले. "वळू नका," त्या म्हणाल्या. "कासिमिरा तुम्हाला काय म्हणायची?" मी सांगितलं. "एदू," असं त्या हळू म्हणाल्या. चव बघावी तसं. शेवटचा ऊ त्यांनी जरा ओढला, की मलाच तसा ऐकू आला. जळमट मला दिसेनासं झालं, आणि डोळ्यांतलं दोन्ही बाजूंनी कानांत गेलं, त्या रुमालावर.

"आज इथे थांबू या," त्या म्हणाल्या. घड्याळात चार पन्नास झाले होते, एक मिनिट इकडे नाही की तिकडे. मी उठून बसले. त्या माझ्याकडे बघत होत्या, ओळखीचं काही नाही, पण भीतीही नाही. मानेने निरोप देत म्हणाल्या, "गुरुवारी, याच वेळी. देलिया तुम्हाला खाली सोडायला येईल."

मी बोळात आले आणि दार मागे लोटलं. खिळ्यावरचा एप्रन घेऊन ब्लाऊजवरच बांधला, कारण एप्रनशिवाय मी कधी कुणाला सोडायला गेले नव्हते. लिफ्टच्या आरशात एक बाई होती, डोळे लाल, हातात पिशवी, पुढे निळं अक्षर. मी मजल्यांचे आकडे बघितले. खाली किल्ली फिरवली, दार उघडलं आणि एक माणूस बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते धरून उभी राहिले. गरम हवा आत आली. फेर्मिन नळी गुंडाळत होता. "कुणाला सोडताय?" त्याने विचारलं. "पेशंटला," मी म्हटलं. त्याने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि नळी गुंडाळत राहिला. मी दार लावलं, किल्ली दोनदा फिरवली आणि वर आले.

"गेली का ती बाई?" डॉक्टरबाईंनी खोलीतूनच विचारलं.

"गेली."

त्या वहीत बघत होत्या. चष्मा कपाळावर होता, तो मी डोळ्यांवर आणून दिला. "एदुविहेस," त्यांनी वाचलं. "गुरुवारी येईल ती. आधीच खाली जाऊन थांब, देलिया. फार वर्षं दाराशी उभी आहे असं दिसतंय, तिला आणखी ताटकळत ठेवू नकोस."

"नाही ठेवणार," मी म्हटलं, आणि रुमाल बदलायला कोचाकडे गेले.